आत्याचा मान

नाव आत्यानं ठेवायचं, हा आमच्याकडचा मान. संघदीपला मुलगी झाली तेव्हा त्यानं पुण्याहून स्वतः फोन करून सांगितलं, "ताई, नाव तूच काढ." मी हुरळून गेले. घरी, मी शिकवते त्या शाळेत, जीव खाऊन शोधलं आणि 'खेमा' काढलं. बुद्धांच्या संघातली सगळ्यात प्रज्ञावान भिक्खुणी. बाबांना नाव इतकं आवडलं की राळेगावच्या बाजारात भेटेल त्याला ते खेमाची गोष्ट सांगत सुटले. अर्ध्या गावाला नात दिसायच्या आधी तिचं नाव पाठ झालं.

नामकरणाच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा संघदीप म्हणाला होता, "खेमा मस्त आहे ताई."

कार्यक्रमाच्या सकाळी विहाराच्या अंगणात आमचा चुलतभाऊ अतुल फ्लेक्स बांधत होता. संघदीपनंच तो पुण्याहून छापून आणला होता. वर तथागत, बाबासाहेब, मधे पाळणा आणि खाली गुलाबी अक्षरात 'तपती'.

"हे कोनाचं उचलून आनलं रे?" मी हसत विचारलं.

अतुल माझ्याकडे बघेना. त्याला माहीत होतं. मग मी संघदीपला विहारामागं ओढलं.

"काहून रे असं?"

"ताई, ऐक तर." त्यानं मोबाईल पुढं केला. पुण्याला गेल्यापासून त्याचं 'मले-तुले' सुटलंय. "पुराणातलं नाव आहे. सूर्याची मुलगी. अर्थ छान, आणि फार दुर्मिळ, बघ, इथं लिहिलंय."

"एथं पंचेचाळीस डिग्री तपून राह्यलं, अन् पोरगीबी तपती?" माझा आवाज चढला. "खेमाले काय झालतं?"

"खेमा म्हटलं की लोक विचारतात, हे कुठलं नाव? मग आडनाव विचारतात. माझं नाव ऐकून तीन घरमालकांनी फ्लॅट नाकारला, तुला माहीत आहे. तिला नको हे."

ते खरं होतं. म्हणूनच जास्त राग आला. हेच त्यानं फोनवर सांगितलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, पण समजून घेतलं असतं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू बाबांना सांगितलं असतंस."

म्हणजे मला मान दिला तो तोंड बंद ठेवायला. मी आणि बाबा खेमा-खेमा करत बसलो होतो, आणि हा तिकडं फ्लेक्स छापत होता. सख्ख्या भावानं इतकं गोड बोलून फसवावं!

त्रिशरण-पंचशील झालं. बौद्धाचार्यांनी मला पुढं बोलावलं. वहिनी साधना बाळ घेऊन बसली होती, तिची नजर खाली. भर विहारात तमाशा नको म्हणून मी बाळाच्या कानाशी वाकून 'तपती' म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. लोक एकमेकांकडं बघायला लागले, मग चुकतमाकत 'साधु, साधु, साधु' झालं. बाबांनीही हात जोडले होते.

जेवणं सुरू झाल्यावर बाबा संघदीपजवळ गेले.

"अर्थ काय हाय नावाचा?"

त्यानं मोबाईलवरून वाचून दाखवला.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. "माह्या नावाचा मालूम हाय ना तुले?"

बाबांचं नाव उकंडा, म्हणजे उकिरडा. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आजीनं त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. पुढं त्यांनी दीक्षा घेतली, आम्हाला दीपमाला-संघदीप अशी नावं निवडून दिली, पण स्वतःचं बदललं नाही. आईनं जगवायला ठेवलेलं नाव आहे, म्हणायचे.

"पोरगी शाळेत जाईन," बाबा म्हणाले. "कोनी इचारीन, आज्याचं नाव काय? तवा काय सांगाले लावशीन तिले?"

मी वाट पाहिली. निदान 'असं काय बोलता बाबा' एवढं तरी संघदीप म्हणेल, असं मला वाटत होतं. तो काहीच म्हणाला नाही.