उभ्या माणसाला न मिळणारा मासा

क्लबचं पत्र आलं, ते वाचून मी आधी चहा केला आणि मग चिडले. मिसेस थर्झा नॉर्थमोर, वय अठ्ठ्याहत्तर, मागच्या वर्षी खुबा मोडलेला. सबब यंदा नदीवर मासे धरायचा परवाना नाही. नदी फक्त आधाराशिवाय उभं राहू शकणाऱ्यांसाठी. माझी सोय धरणाच्या तलावावर केली होती. तिथं कठडा आहे, बाक आहे, मोटार थेट पाण्यापर्यंत जाते.

म्हणे बाक! त्या तलावात हौदात वाढवलेले ट्राउट मासे आणून सोडतात. माणसाची सावली पडली की दाणे आले असं समजून तोंड वासून वर येतात. डार्टमूरच्या माळावर साठ वर्षं नदीचे मासे धरले, ते काय म्हातारपणी कोंबड्यांना दाणे टाकायला?

मी क्लबच्या सेक्रेटरीला, रॉजर हॅनाफर्डला, फोन लावला. "शनिवारी पुलापाशी ये आणि माझी परीक्षा घे."

"तुमच्या काळजीपोटीच हे..."

"काळजी घरी ठेवून ये."

आला. नवे बूट, कडक इस्त्रीची पँट. "काठी बाजूला ठेवून उभ्या राहून दाखवा," म्हणाला.

मी काठी टाकली आणि सरळ गवतात गुडघे टेकले. खुब्यातून कळ आली, ती गिळली.

"अहो, पडलात की काय!"

"रांगतेय. तूही वाक, नाहीतर डोहातले मासे पळवशील."

वाकतोय कसला! ताठ मानेनं काठावर गेला. पाणी चहाच्या रंगाचं, पण तळातला खडा न् खडा दिसत होता. त्याची सावली पडायचा अवकाश, तीन काळ्या रेघा दगडाखाली पळाल्या.

"इथं मासेच नाहीत."

"होते. तुला बघून गेले. इथला मासा उभ्या माणसाला मिळत नाही, बाळा. सेक्रेटरी झालास आणि एवढंही ठाऊक नाही?"

मी गळाची छडी घेऊन काटेरी झुडपाच्या आडून वरच्या डोहापर्यंत रांगत गेले. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी अलगद पाण्यावर टाकली. दुसऱ्याच फेकीला दोरी ताणली. वीतभर ट्राउट, पिवळं पोट, लाल ठिपके. ओल्या हातानं गळ काढला आणि त्याला सोडून दिलं.

"पण नियमात उभं राहणं आहे," रॉजर मागून म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

"मग लिही, म्हातारी उभी राहिली नाही. मी उद्याही येणार. परवान्याशिवाय येणार. बोलाव कुणाला बोलवायचं ते!"

मग मागे चिखलात फचकन आवाज झाला. वळून बघते तर सेक्रेटरी गुडघ्यांवर.

"अजून आहे का एखादा?" त्यानं विचारलं.

"त्या दगडाच्या डाव्या अंगाला. मोठा आहे."

त्याला दिसला. श्वास रोखून तो कुजबुजला, "परवाना पाठवतो मी."

"ते नंतर," मी म्हटलं. "आधी डोकं खाली घे."