मामीचं फडकं आणि माझी बारीक बटणं

मित्रांनो, मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वयाने जुना आणि आता आवाजानेही बसलेला. पेडण्याजवळच्या एका गावात, सुदेशच्या घराच्या मागच्या खोलीत, एका फळीवर पडून आहे. छापताना मी असा कर्रकर्र ओरडायचो की शेजारी हसून म्हणायचे, "सुदेशाचो पोपट उलयता!" पोपट बोलतोय म्हटल्यावर मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

गोवा राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तेव्हा मी इथे आलो. सुदेशने पुढच्या खोलीत टायपिंगचं दुकान थाटलं होतं. त्याची प्रभावती मामी त्याच घरात राहायची. रोज सकाळी ती जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने मला पुसायची, फटीत अडकलेले कागदाचे कपटे हलक्या हाताने काढायची. तसा हात मला पुन्हा लाभला नाही.

एका वर्षी बालवाडीच्या कमलाक्षीबाईंनी नाटक लिहिलं. दरवर्षी दसऱ्यानंतरच्या पुनवेला देवळासमोर नाटक व्हायचं, पण पुरुषांचं. त्यातल्या बायकासुद्धा पुरुषच व्हायचे. यंदा गावातल्या बायकांना रंगमंचावर उभं राहायचं होतं. देवळाच्या समितीने अट घातली, दसऱ्याला सोनं लुटून होईपर्यंत छापील प्रत हातात द्या, नाहीतर नाटक पुरुषांचंच. सुदेशचं टायपिंग संपलं ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या रात्री. खंडेनवमीला अवजारं पुसून पूजेला मांडायची, वापरायची नाहीत. मलाही झेंडूचा हार पडला. मी अगदी फुलून गेलो होतो.

दसऱ्याच्या दुपारी पहिलं पान निघालं आणि माझीच मला लाज वाटली. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ वर, त्यांची पोटं खाली आणि मध्ये कोरी पट्टी!

"ड्रायव्हर बिघडलो," सुदेश म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं मला समजावून सांगणारा दुभाषी. सुदेशने त्या बिचाऱ्याला काढून टाकलं, फ्लॉपीवरून पुन्हा बसवलं. वायर बदलली, कागद बदलला. मी आपला तसाच. मला माझं दुखणं ठाऊक होतं, पण बोलणार कसा?

नाटकातल्या बायका प्रतीची वाट बघत होत्या, आणि कमलाक्षीबाई दारात घामाघूम उभ्या होत्या. "सगळ्यो बायलो म्हजी वाट पळयतात रे, सुदेश."

सुदेशने मला फिरवलं आणि पाठीमागच्या बारीक पांढऱ्या बटणांपाशी तो थबकला. माझ्या सवयी त्या बटणांवर ठरतात. "मामी, हांगा कोणे हात लायलो?"

"हांवें," मामी कौतुकाने म्हणाली. "पूजेक पुसतना पळयलें, थोडीं वयर, थोडीं सकल. सगळीं सारकीं केलीं." काही वर, काही खाली असलेली बटणं तिने एका ओळीत आणली होती. मग दोघांचे चेहरे बघून तिने विचारलं, "म्हजेखातीर नाटक बुडटलें?"

कोणतं बटण आधी कुठे होतं, हे कुणालाच आठवेना. माहितीपुस्तक केव्हाच हरवलेलं. सुदेश एकेक बटण हलवून बघू लागला. मला बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय बदल माझ्या ध्यानात येत नाही, आणि घाईत तो नेमकं तेच विसरत होता. शेवटी त्याला ते आठवलं. कागद किती सरकवायचा ते ठरवणारं बटण खाली, मी बंद, मी चालू, आणि डोक्यावरची रेघ अक्षरांना येऊन चिकटली. मामी डोळे पुसत कागद ओढू लागली. लोक अजून आपट्याची पानं वाटत होते, तोवर प्रत समितीच्या हातात पडली. पुनवेला बायकांनी नाटक केलं आणि गाव लोटला.

दुसऱ्या दिवशी सुदेश हसत हसत म्हणाला, "मामी, आतां मशीनाक हात लावूं नाका हां." त्यात राग नव्हता. पण मामीने ते मनाला लावून घेतलं. ती मला टाळून बाकीचं दुकान झाडू लागली. सुदेशला कामातून सवड कुठली! धूळ साचत गेली, पावसाळ्यातली ओल मुरली, माझं छापणारं डोकं मध्येच अडू लागलं. ड्रायव्हर ठीक होता, बटणं ठीक होती, तरी मी अडखळत राहिलो. मग नवा प्रिंटर आला.

मामी आता थकली आहे. कधी कांदे न्यायला या खोलीत येते, माझ्यासमोर थांबते, पदराने हात कोरडे करते, हात पुढे नेते आणि तसाच मागे घेते. मित्रांनो, यंत्रं जपा, पण ती जपणाऱ्यांनाही जपा. सुदेशने त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं, "मामी, हीं बटणां सोडून बाकी सगळें पुसून काड."