खांदे नसलेला भुंगेरा

दचकू नका, टाचणीवरच्या या इवल्याशा पुठ्ठ्याला चिकटलेला मीच बोलतोय. मी एक भुंगेरा. तांदळाच्या दाण्याएवढा, काळा, उजेडात धरलं तर किंचित तांबूस. मला उडता येत नाही, पण पळण्यात मी कुणाला हार जात नाही. म्हणजे, जात नव्हतो.

माझा जन्म उंच डोंगरावरचा. झाडं दमून जिथे खालीच थांबतात, त्याच्याही खूप वर. तिथे भर उन्हाळ्यातही बर्फाचा एक पट्टा शिल्लक असतो. त्याच्या कडेच्या ओल्या मातीत मी अंड्यातून बाहेर आलो. लहानपणी मी अळी होतो, आणि अळीला शोभेल असा खादाड होतो. खाण्याची ददात नव्हती. दरीतून वर येणारा वारा किडे उचलून आणायचा आणि बर्फावर टाकून द्यायचा. बिचारे तिथेच थिजायचे. आम्ही फक्त आयत्या ताटावर जाऊन बसायचं.

पंख आमच्या घराण्यात नाहीत. पूर्वजांना असतील. पण तिथल्या वाऱ्यात जो उडाला तो घरी परत येत नाही, म्हणून घराण्यानं उडण्याचा नादच सोडला. पाठीवरची दोन झाकणं तेवढी उरली, तीही एकमेकांना घट्ट चिकटलेली. पंख गेले, त्यांना हलवणारे स्नायू गेले, तसे खांदेही उतरले. आमच्यात रुबाबदार खांद्याचा कुणी सापडायचा नाही. त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

काळजी एकच होती. बर्फाचा पट्टा वर्षागणिक आखडत होता, आणि आम्ही त्याच्या मागोमाग वर सरकत होतो. पण डोंगर काही आभाळापर्यंत जात नाही. एके दिवशी सरकायला जागाच उरली नसती, आणि आम्ही संपलो हे कुणाला कळलंही नसतं. ज्याला नाव नाही, तो हरवला असं कोण म्हणणार?

मग ती आली. पाठीवर पोतडी, नाक उन्हानं सोललेलं. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘लवंगी’ म्हणतात. लवंगी फटाक्यासारखी, वात पेटते न पेटते तोच आवाज! तिनं दगड उचलला आणि मला चिमटीत धरलं. मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. शेपटाकडून घाणेरडा वास सोडला.

“ई! काय घाण आहे रे तू!” ती म्हणाली, पण सोडलं नाही. मग मला तोंडाजवळ धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. “खांदे कुठे ठेवून आलास?” तिनं हळूच विचारलं. माझ्याकडे इतकं निरखून त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. पुढे बाटली, बाटलीत दारूचा उग्र वास आणि गुंगी. तक्रार नाही. आमचं आयुष्य तसंही आखूडच.

खाली प्रयोगशाळेत ‘सर’ होते. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण खिडकीजवळची खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. खालच्या रानात राहणारा माझा एक लांबचा चुलतभाऊ त्यांनी तरुणपणी शोधला होता. ‘या डोंगरावर या कुळाची एवढी एकच जात’ असं त्यांनी छापूनही टाकलं होतं. सरांचा होकार मिळाल्याशिवाय तिथून कुठलाही शोधनिबंध बाहेर जात नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तसले नियम लिहिलेले नसतातच, म्हणून तर ते खोडता येत नाहीत.

सरांनी बाटली उजेडात धरली. “हा माझाच. थंडीनं खुरटलाय.”

“सर, एकदा सूक्ष्मदर्शकाखाली तरी बघा.”

“अगं, तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून ओळखतो मी याला. घरच्या माणसाला कुणी भिंग लावून बघतं का?”

लवंगीनं दातओठ खाल्ले. पण कामाला लागली. कोमट पाण्यात मऊ करून तिनं मला उघडलं. आम्हां नरांचा एक अवयव प्रत्येक जातीत वेगळ्या घडणीचा असतो, कुलपागणिक वेगळी किल्ली असते तसा. लाजेची गोष्ट आहे, पण तिनं त्याची सुरेख चित्रं काढली. सरांनी ती पालथी घालून त्यांवर चहाचा कप ठेवला.

घरून आत्याचा फोन यायचा. “अजून त्याच किड्यावर अडकलीस?”

“आत्या, तुला पडदे निवडायला अख्खा उन्हाळा लागला होता.”

“पडदे रोज दिसतात बाई! तुझा किडा कोण बघणार आहे?”

“हेच तर भांडण आहे ना!” असं म्हणून लवंगीनं फोन आपटला.

वर्ष असंच गेलं. मी खणात पडून राहिलो, चुलतभावाच्या नावाखाली. भाऊ चांगला आहे, पण दुसऱ्याच्या नावानं हाक मारलेली कुणाला आवडते?

मग एका सकाळी तिनं मला आणि भावाला एकाच मऊ फळीवर शेजारी शेजारी टोचलं. दोघांच्या टाचण्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या फळीत खोल दाबून झाकल्या. सूक्ष्मदर्शक सरळ सरांच्या टेबलावर आणून ठेवला.

“सर, यांतला तुमचा कोणता?”

“माझी परीक्षा घेतेस?”

“छे! मला ओळखू येत नाहीये.”

इतकं धादांत खोटं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पण सर खुशीत आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोळा लावला.

“हा डावीकडचा माझा! बघ, मानेमागच्या कवचाचे कोपरे कसे गोल. आणि खांदे बघ, खांदे!”

“आणि उजवीकडचा?”

“तो? कोपरे टोकदार, डोळे बारके, खांदे तर नाहीतच. छे छे! हा माझा नव्हे! कुठून आणलास हा?”

लवंगीनं दिवा थोडा मोठा केला. सरांनी दुसरा डोळा लावला, मग पुन्हा पहिला. मग स्वतःच नखानं टोकरून माझी चिठ्ठी वर काढली आणि वाचली. तिच्यावर चुलतभावाचं नाव होतं, त्यांनीच ठरवलेलं. कान लाल झाले.

“चित्रं आण ती,” ते म्हणाले. “आणि ‘एकच जात’ म्हणणारा माझा तक्ताही आण. खोडायचा आहे.”

निबंध छापून आला. त्याआधी माझं नाव ठरवायची वेळ आली तेव्हा सर उगीचच खाकरले होते.

“सर, तुमच्या नावाचे चार किडे आधीच आहेत. खणात हाक मारली तर चौघंही वळून बघतील.” मग तिनं मला ‘बर्फाच्या कडेचा’ अशा अर्थाचं नाव दिलं. माझ्या टाचणीवर आता लाल चिठ्ठी आहे. माझ्या जातीचा पहिला नमुना मी. जगात कुठेही कुणाला शंका आली, तर मला विचारून ठरवायचं. आता वर माझी भावंडं दिसेनाशी झाली, तर निदान कुणीतरी शोधायला जाईल. लवंगी दर उन्हाळ्यात जातेच.

विद्यार्थी आले की सर स्वतः माझा खण ओढतात. “हा बघा. पाहताक्षणीच मी म्हटलं, हा माझा नव्हे!”

पलीकडच्या टेबलावरून आवाज येतो, “अगदी खरं, सर. फक्त पाहायलाच वर्ष लावलंत!”

सर सगळ्यांत मोठ्यानं हसतात.

तुमच्याकडे मागणं एवढंच. कुणालाही ‘हा त्यांच्यातलाच’ म्हणून खणात टाकण्याआधी जरा वाकून बघा. बरं, ‘येतो’ म्हणून निरोप घ्यायची माझी सोय नाही. मी इथेच आहे. तुम्हीच या.