माझ्या पोटातलं रीळ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मला एका जागी बसवत नाही. माझ्या पोटात पोलादी स्प्रिंग आहे. चावी पिळली की ती ताणली जाते, खटका दाबला की मी घरघर करत धावतो. नुसतं बसून राहायचं म्हटलं की माझा जीव खालीवर होतो.

घड्याळं बनवणाऱ्या एका डोंगरी गावात माझा जन्म झाला. सोलांज नावाच्या तरुण फ्रेंच दिग्दर्शिकेने मला लियाँच्या जुन्या बाजारातून घेतलं. तिला माहितीपट काढायचे होते. आम्ही गोदीत हिंडलो, मिठागरांत हिंडलो, कोळशाच्या खाणीत तर माझ्या काचेवर काजळी बसली. आवाज टिपायला तिची जिवलग मैत्रीण ओदील बरोबर असायची. थिएटरात टाळ्या पडत, पेपरात सोलांजचं नाव येई. माझं येत नसे, पण ते जाऊ द्या. गंमत अशी, की सोलांजचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. ती सदा माझ्या पाठीमागे. मला ओळखीचा फक्त तिचा डोळा आणि तिचा श्वास.

मग तिला टीव्हीत काम मिळालं. मालिका आल्या, मुलाखती आल्या, मोठाले कॅमेरे आले आणि मी गेलो कपाटात. गरज सरो, वैद्य मरो! मी फार चिडलो होतो. निवृत्त झाल्यावर तिने मला पुन्हा बाहेर काढलं, आजारी ओदीलला तिच्या बागेत टिपण्यासाठी. रीळ अर्धं झालं आणि ओदील गेली. त्या धांदलीत रीळ माझ्यातच राहिलं. पुढे सोलांज लेकीजवळ नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी राहायला आली. ‘ओदीलचं रीळ घर बदलताना हरवलं,’ असं ती सगळ्यांना सांगायची, आणि मी तिच्याच कपाटात तडफडत होतो. मला बोलता कुठे येतं?

यंदा तिने वृद्धाश्रमात जायचं ठरवलं आणि मला शेजारच्या चंद्रहासला देऊन टाकलं. तो आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या भिंगांवर काम करतो. खंडेनवमीला त्याने मला पूजेसाठी चकाचक पुसलं. हौसेने चावीही पूर्ण पिळली. मग त्याचा अंगठा माझ्या झाकणाच्या कडीवर गेला. उजेड आत शिरला असता, तर ओदील कायमची पुसली गेली असती. माझी स्प्रिंग भीतीने कापत होती.

“अगं, आतली डस्ट क्लीन करतो ना,” तो म्हणाला.

“आज नाही हं!” त्याची बायको नीलांबरी ओरडली. “खंडेनवमीला हत्यारं उघडायची नाहीत, वापरायची नाहीत. आज त्यांना सुट्टी. उद्या कर.”

लॅपटॉप, पान्हे आणि सायकलच्या किल्ल्यांशेजारी मला झेंडू वाहिला. मी ताणलेला, आणि वर सुट्टी! उद्या माझं काय होणार, या विचाराने मला धीर निघेना.

आरतीला सोलांज आली. सवयीने तिचा हात मागून माझ्या चावीवर आला. चावी हलेना. मग तिचं बोट किती फिल्म उरली ते दाखवणाऱ्या आकड्यावर गेलं. आकडा अर्ध्यावर होता. तिचा श्वास थांबला.

“उघडू नका,” ती कशीबशी इंग्रजीत म्हणाली. “आत ओदील आहे.”

चंद्रहासने माझ्या झाकणाची कडी घट्ट दाबून धरली. “सॉरी सोलांज, मी मघाशी उघडणारच होतो.”

“आणि मी न बघताच देऊन टाकला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दसरा. उरलेलं रीळ संपवायचं ठरलं, पण माझं वजन आता सोलांजला पेलेना. तिने मला चंद्रहासच्या हातात दिलं आणि स्वतः अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसली. आपटा इथे कुठला! चंद्रहासच्या लहानग्या अवनीने कुंपणाची पानं तिच्या हातात ठेवली. “सोनं, ओमा.” ओमा म्हणजे इथल्या भाषेत आजी.

खटका दबला. मी धावलो, आणि जन्मात पहिल्यांदा मला सोलांज दिसली. सुरकुतलेली, रडवेली, हसणारी.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना फुलं जरूर वाहा. पण देऊन टाकण्याआधी, उघडण्याआधी एकदा विचारा, आत कोण राहिलंय का. आणि त्यांना अधूनमधून धावू द्या.

रीळ धुऊन आलं. ओदील थोडी धूसर आहे, पण आहे. ती बागेतून कुणाकडे तरी बघून हात हलवते, आणि लगेच पुढे खुर्चीत सोलांज बसलेली दिसते.