सुई कुणाच्या हाती

कपडे शिवणाऱ्या त्या बाईला जगातल्या निम्म्या माणसांची कीव यायची आणि उरलेल्या निम्म्यांचा राग. गिऱ्हाइकं तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. दुसऱ्यांनी बिघडवलेले कोट उसवून नीट करण्यात तिची बत्तीस वर्षं गेली होती. त्यामुळे कुठलंही काम बघितलं की तिला आधी चूक दिसायची आणि मग चूक करणाऱ्याचं थोबाड.

तिची मुलगी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. हात इतका साफ, की चार वर्षांनी मालकाने तिला पुढे काउंटरवर बोलावलं. काउंटरवर म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागच्या दांड्या वाकवायच्या, वीतभर अंतरावरून त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्यानेही तिच्याकडे बघायचं, हे ओघाने आलंच. मुलीच्या गालांवर मुरुमांचे खड्डे होते, डाव्या गालावर जास्त. महिनाअखेरीस सांगते, असं ती मालकाला म्हणाली आणि घरी येऊन आईला म्हणाली, "खड्डे भरले नाहीत तर मी मागेच बरी."

तिला मायक्रोनीडलिंग करून घ्यायचं होतं. बारीक सुयांचं यंत्र गालावरून फिरवतात, त्या टोचण्या भरताना खाली नवी त्वचा धरते आणि खड्डे उथळ होतात, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं.

"सुयाच ना?" कात्री म्हणाली. "मग जागा मी ठरवणार. सुईतलं तुझ्या मोबाइलला काय कळतंय?"

पहिली जागा कोपऱ्यावरचं पार्लर. तिथल्या बाईने खणातून रोलर काढला. भिंत रंगवायच्या रुळाचं पिल्लूच ते, वर सुयाच सुया. खणात शेजारी कंगवा, दोन चिमटे आणि अर्धं खाल्लेलं बिस्किट.

"हा आतापर्यंत किती जणींच्या तोंडावरून फिरलाय?"

"काकू, मी दर वेळी स्पिरिट मारते हं."

"मी ते विचारलंच नाही."

पार्लरवाली हसली, कात्री हसली नाही. रोलरची सुई तिरकी शिरते आणि तिरकीच बाहेर येते. तिरकी सुई कापड फाडते हे शिवणाच्या पहिल्या आठवड्यात कळतं, आणि ही बाई लोकांच्या गालांवर वर्षानुवर्षं तेच करत बसली होती. भुवया मात्र स्वतःच्या इतक्या वर कोरलेल्या, की तिला जन्मभर कशाचं ना कशाचं आश्चर्य वाटत राहावं. "तुमच्या हातात मी कांदासुद्धा देणार नाही सोलायला," असं म्हणून कात्री उठली. मुलगी तोवर खाली मान घालून दारात पोचली होती.

दुसऱ्या ठिकाणाला दुकान म्हणायची सोय नव्हती, तो ‘स्टुडिओ’ होता. सोफा पांढरा, भिंती पांढऱ्या, आणि एक्सपर्ट म्हणवून घेणाऱ्या तरुणाचे दात त्याहून पांढरे. भिंतीवर चौकटीत त्याचं प्रमाणपत्र होतं. कात्रीने चष्मा चढवून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कोर्स तीन दिवसांचा होता. तीन दिवसांत ती कुणाला काजं करायलासुद्धा बसवत नसे.

"मॅम, हे सगळ्यात ॲडव्हान्स्ड पेन आहे," एक्सपर्टने सोनेरी रंगाचं यंत्र पुढे केलं. "छत्तीस सुया. सरळ आत, सरळ बाहेर. खोली आपण सेट करतो."

"जाड जागेवर मोटर दमते का?"

"म्हणजे?"

"चार पदरी शिवणीवर मशीन अडखळलं की सुई कापड ओढते. खड्ड्याची कड घट्ट असते. तिथे याचा वेग पडतो का?"

एक्सपर्टने पेनकडे असं बघितलं, जणू ते आत्ताच कुणीतरी त्याच्या हातात ठेवलंय. "मॅम, आमचे सगळे क्लायंट एकदम हॅपी आहेत."

"टोकाचं हे सुयांचं टोपण कधी बदलता?"

"ते सीलबंदच येतं."

"हे सीलबंद नाही."

"हे डेमोचं आहे."

कात्रीने पर्समधून साटीनच्या अस्तराचा तुकडा काढला. घरातून निघतानाच तिने तो बरोबर घेतला होता. सोफ्याच्या हातावर ताणून धरला आणि म्हणाली, "चालवा." आपलं कौतुक होणार अशा समजुतीने त्या शहाण्याने चालवलं. तीन ठिकाणी धागा वर आला. सुईच्या टोकाला केसाएवढा आकडा आला तरी साटीन लगेच सांगतं.

"डेमो हवेत करता ना? मग ही टोकं कशावर वाकली?"

एक्सपर्टने रिसेप्शनच्या मुलीकडे बघितलं. तिच्या दोन्ही गालांवर लाल ठिपक्यांच्या ताज्या रांगा होत्या. "स्टाफवर प्रॅक्टिस करतो आम्ही," तो म्हणाला. "एकाच टोपणाने?" असं कात्रीने विचारलं तेव्हा त्याचे दात पहिल्यांदाच दिसेनासे झाले.

रस्त्यावर आल्यावर मुलगी थांबली. "आई, तुला लोकांची लाज काढायला मजा येते. आपण माझ्या चेहऱ्यासाठी आलोय."

"तुझ्या चेहऱ्यासाठीच करतेय मी हे."

"मग आता जाऊ तिथे गप्प बस. एक शब्द बोलायचा नाही."

कात्रीने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाली.

तिसरी जागा त्वचेच्या डॉक्टरबाईंची, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची खोली. पंखा कुरकुरत होता. डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटाची खालची दुमड उसवली होती आणि तिथे चक्क स्टेपलरची पिन मारली होती. ही काय कातडी सांभाळणार, असं कात्रीच्या अगदी जिभेवर आलं. शब्द दिला होता म्हणून तिने ते गिळलं.

डॉक्टरबाईंनी हात धुतले, दिवा बाजूला तिरका लावला आणि मुलीचा गाल बोटांनी ताणून एकेक खड्डा चाचपला. कात्री कापड खिडकीशी धरून बघायची, तसंच. मग त्यांनी खणातलं सीलबंद पाकीट काढून त्यावरची तारीख दाखवली. "हे दर वेळी तुमच्यासमोर उघडणार आणि तुमच्यासमोरच टाकून देणार." कुणी विचारलंही नव्हतं. नावं ठेवायला जागाच उरली नाही म्हणून कात्री मनातून चिडली.

"पण आज नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हनुवटीवर दोन ताजे मुरूम आहेत. ते असताना मी सुई लावत नाही. आधी दीड महिना औषध. मग चार-पाच वेळा करायचं, मध्ये एकेक महिना सोडून."

"महिनाअखेरीपर्यंत काहीच नाही होणार?" मुलीने विचारलं.

"काहीच नाही. पुढेसुद्धा उथळ आहेत ते बरेच भरतील, पण डाव्या गालावरचे हे सात-आठ नाही भरायचे. हे अरुंद आहेत, खोल गेलेत." त्यांनी दिवा आणखी जवळ ओढला. "हे नुसते मुरुमाने झालेले वाटत नाहीत. कुणीतरी टोचून फोडलेत. कुणी?"

"मीच," मुलगी पटकन म्हणाली. "शाळेत असताना. आरशात बघून."

कात्रीने मुलीकडे बघितलं. मुलगी छताच्या पंख्याकडे बघत होती.

रविवारची दुपार, खिडकीतला उजेड, मांडीवर पोरीचं डोकं आणि गॅसवर तापवून घेतलेली हातशिलाईची सुई. घाण आत राहिली तर डाग पडतील म्हणून ती अगदी तळापर्यंत जायची. हात आपला, सुई आपली, मग डॉक्टर कशाला, असं तेव्हा ती सगळ्यांना सांगायची, आणि स्वतःच्या मुलीला मुरुमांसाठी डॉक्टरकडे नेणाऱ्या शेजारणीला हसायची.

"खोटं बोलतेय ती," कात्री म्हणाली. "मी फोडले. शिवणाच्या सुईने. दर रविवारी, दीड वर्ष."

आता ही बाई काय बोलणार ते तिला ठाऊक होतं. तिच्या जागी आपण असतो तर अशा आईचं काय केलं असतं, तेही ठाऊक होतं, सगळे शब्द तयार होते. ती मान ताठ करून वाट बघत बसली. पण डॉक्टरबाईंनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी मुलीला विचारलं, "फार दुखत असेल ना गं तेव्हा?"

"दुखायचं," मुलगी म्हणाली. "पण आई म्हणायची, हलू नकोस, सुई चुकेल. म्हणून मी हलायचेच नाही."