दुसरा खेळाडू

भिंगरी दोन महिने एक भांडण मिटवत बसली होती, आणि भांडायला दुसरं कोणीतरी लागतं ही साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. हुशार माणसांचं हे असंच असतं.

तिची निवड झाली होती ती एका उन्हाळी कोडिंगच्या कार्यक्रमात. विद्यार्थ्यांना आणि एकेकट्याने गेम बनवणाऱ्यांना तीन महिने मानधन देऊन, गेम बनवायच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये भर घालायला सांगायचे. निवडीचं पत्र आलं तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तिला डोक्यावर घेतलं. मग परीक्षा संपल्या, मैत्रिणी बॅगा भरून आपापल्या घरी गेल्या, आणि मजल्यावर भिंगरी आणि पाण्याचा कूलर एवढेच उरले. कूलर निदान अधूनमधून आवाज तरी करायचा.

काम असं होतं की दोन माणसं दोन ठिकाणांहून एकच गेम खेळत असली, तर एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात बिनघोर जायला हवी. तपासायला तिने एक छोटासा गेम केला. अंधारं घर, दोन माणसं आणि कंदील मात्र एकच. स्क्रीनवर दोन खिडक्या उघडून ती डाव्या हाताने एकाला चालवायची, उजव्याने दुसऱ्याला. डावा कंदील ठेवी, उजवा उचली. "घे," असं ती मोठ्याने म्हणायची, आणि "दे" पण तीच म्हणायची. पहिल्या आठवड्यात तिला त्याचं हसू आलं. पुढे येईनासं झालं, आणि त्याची तिला जरा भीती वाटली.

हजार वेळा कंदील इकडून तिकडे गेला, एकदाही चुकला नाही. तिने काम पाठवून दिलं.

कार्यक्रमाने तिला नेमून दिलेला मार्गदर्शक दूर कुठल्याशा देशात होता. त्याच्या नावापुढे घुबडाचं चित्र असायचं, म्हणून ती त्याला घुबडच म्हणायची. सोमवारी घुबडाचा निरोप आला: "मी आणि माझा भाऊ खेळून पाहिलं. दुसऱ्याच मिनिटाला कंदील गायब झाला. तुझ्याबरोबर कोण खेळलं होतं?"

कोडबद्दल त्याने काहीही विचारलं असतं तर तिने पानभर लिहिलं असतं. या प्रश्नाला मात्र एका शब्दाचं उत्तर होतं, आणि ते लिहायची तिला लाज वाटली. शुक्रवारी शेवटची मुदत होती. तोवर जमलं नाही तर उन्हाळाभराचं काम बाद, आणि कार्यक्रमाच्या यादीत तिच्या नावापुढे "अपूर्ण".

तिने मैत्रिणींना फोन लावले. एक प्रवासात होती, एकीजवळ कॉम्प्युटर नव्हता, तिसरीने उचललाच नाही. शेवटी राहिला मामा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून गेल्या वर्षी निवृत्त झालेला, सडाफटिंग. वसतिगृहात येण्याआधी भिंगरी दोन वर्षं त्याच्याकडेच राहिली होती, आणि तिचा जुना कॉम्प्युटर अजून तिथेच होता. निघताना ती म्हणाली होती, वेळ मिळाला की फोन करीन. वेळ काही मिळाला नव्हता.

"मामा, गेम खेळशील?"

"नंबर चुकला वाटतं तुमचा. माझी भाची तर मला फोनच करत नाही."

"टोमणे नंतर मार रे. काम आहे."

"ते ओळखलंच मी. बोल."

कॉम्प्युटर चालू करण्यात अर्धा तास गेला. मग दोघं त्या अंधाऱ्या घरात शिरले. भिंगरी कंदील खाली ठेवायला वाकली, पण थांबेल तो मामा कसला? त्याने सरळ हिसकावला. क्षणभर कंदील दोघांच्याही हातात दिसला, मग कोणाच्याच नाही. स्क्रीन काळी झाली.

"मोडलं का गं मी काही?"

"मोडलंस. फार बरं केलंस."

तिने त्याला घोळ समजावून सांगितला. मामा म्हणाला, "एवढंच ना? तळमजल्यावरच्याने आणि सहाव्यावरच्याने एकदम बटण दाबलं, तर लिफ्ट काय दोन होतात? जाते एकाकडेच. पण दुसऱ्याचं बटण पेटलेलं ठेवते. तिथे कोणी उभं आहे हे विसरत नाही. विसरली की मग मला बोलावणं यायचं."

भिंगरीचा कोड नेमकं तेच विसरत होता. तिच्या दोन्ही हातांनी कधी एकमेकांशी भांडण केलं नव्हतं, मग थांबलेल्याला लक्षात ठेवायची वेळ येणार कुठून?

पुढचे तीन दिवस दुपारी तीनच्या ठोक्याला मामा हजर. तो कंदील घेऊन कोपऱ्यात दडून बसायचा, नियम धाब्यावर बसवायचा, हरला की कॉम्प्युटरला नावं ठेवायचा. भिंगरी त्या तीन दुपारी जितकी हसली, तितकी सगळ्या उन्हाळ्यात हसली नव्हती. शुक्रवारी घुबडाने कळवलं, "आता जमलं. काम घेतलं."

"मामा, पास झाले."

"वा. मग आता?"

"आता दोन दिवस झोपणार."

ती झोपली. मग अहवाल, मग पुढच्या वर्षाचे अर्ज. बारा दिवस कसे गेले ते तिला कळलंही नाही.

अहवाल पाठवल्यावर गेमचा सर्व्हर बंद करायचा असा नियम होता. बंद करण्याआधी तिने सहज त्याची नोंदवही उघडली. नोंदी शुक्रवारी संपायला हव्या होत्या, पण त्या संपल्या नव्हत्या.

शनिवार, दुपारी तीन. दुसरा खेळाडू आत आला. कंदील उचलला. कंदील दारापाशी ठेवला. कोणी उचलला नाही. चार वाजता बाहेर गेला.

रविवारी तेच. सोमवारीही तेच. बाराही दिवस तेच, मिनिटाचाही फरक नाही.

भिंगरीला रडू फुटलं. आपण एकट्या पडलो म्हणून तिने उन्हाळाभर स्वतःची कीव केली होती, आणि बटण पेटलेलं होतं ते भलत्याच मजल्यावर.

घड्याळात तीनला पाच कमी होते. तिने सर्व्हर बंद केला नाही. गेमची खिडकी उघडली, या वेळी एकच, आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. तीन वाजता दुसरा खेळाडू आला. सवयीने कंदील उचलून त्याने दारापाशी आणून ठेवला.

तिने तो उचलला.