कळांची वाट पाहणारी बाज

मी बाज बोलते आहे. कंधार तालुक्यातल्या एका लहानशा गावात, ज्ञानोबाच्या घरच्या भिंतीला टेकून उभी आहे. बाज उभी केली की समजावं, तिच्यावर सध्या कुणी नाही. माझ्यावर कुणी असायला हवं होतं, म्हणूनच बोलते आहे.

माझे पाय बाभळीचे. ज्ञानोबाच्या वडिलांनी बांधावरची बाभूळ तोडून मला घडवलं आणि सुतळीनं विणलं. घरात आणखी एक बाज होती, पण तिच्यावर धान्याची पोती पडायची, पाहुणे बसायचे. मला मात्र सगळे ‘बाळंतिणीची बाज’ म्हणायचे. बाळंतपण व्हायचं खाली जमिनीवर, पोत्यावर जुनी वाकळ टाकून. मग आई आणि बाळ माझ्यावर यायची. माझ्याखाली निखाऱ्यांची पाटी सरकवायची, त्यावर ओवा टाकायचा. तो धूर माझ्या सुतळीतून वर जायचा. ज्ञानोबाची बायको पंचफुलासुद्धा विशाखाला कुशीत घेऊन माझ्यावरच शेकली.

पण खोटं बोलणार नाही. माझ्यावर सगळं चांगलंच झालं असं नाही. ज्ञानोबाची बहीण पारूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. बाळ आडवं आलं होतं. गावाला तेव्हा रस्ता नव्हता. चौघांनी मला पारूबाईसकट खांद्यावर घेतलं आणि ओढ्यातून, चिखलातून मोठ्या रस्त्याकडे निघाले. ती दोन्ही हातांनी माझ्या कडा धरून होती. रस्ता दिसायला लागला आणि तिचे हात सुटले. त्या दिवशी पोट कापून बाळ काढणारं कुणी जवळ असतं, तर ती वाचली असती. म्हणून मी ऑपरेशनला नावं ठेवत नाही. लाकूड असले तरी एवढं मला कळतं.

यंदा विशाखा माहेरी आली. पहिलं बाळंतपण आईकडेच करायचं, ही रीत. सासर देगलूरचं, नवरा सुगत शिक्षक. मार्च संपत आला होता. पंचफुलानं मला उन्हात काढलं, उकळतं पाणी ओतून धुतलं, पायथ्याची दोरी ओढून ताणली.

विशाखा बसली तशी मी करकरले.

ज्ञानोबा हसला. “पंचफुला, बाजेला अजून दोन पाय लाव. एक माणूस म्हणून आणलं अन् हत्तीण निघाली की!”

“दादा, गप बसा हो. माय, सांग की यांना,” विशाखा म्हणाली.

“काय सांगू? मला बी तसंच म्हणले होते, तुझ्या टायमाला.”

कंधारच्या डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं होतं, बाळ सरळ आहे, मे महिन्याची तारीख आहे, आपोआप कळा येऊ द्या. विशाखा रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारायची. संध्याकाळी माझ्यावर पडून पोटावर हात ठेवायची आणि हळूच म्हणायची, “तुला यावं वाटंल तेव्हा ये. मी हाय इथं.” पारूआत्याची गोष्ट तिला ठाऊक होती. ती आईला म्हणायची, “अडलं तर कापू दे की. पर न अडता कशाला? मला कळा कशा असतेत ते माझं मला कळू दे.”

तिची तेवढीच मागणी होती.

एप्रिल लागला आणि तिचे सासरे हणमंतराव सुगतला घेऊन आले. सासरे भला माणूस. शाळेचे हेडमास्तर होते, आता जयंती मंडळाचे अध्यक्ष. येताना सुनेसाठी केळी आणि खारका आणल्या. जयभीम झाला, चहा झाला. मग माझ्याच कडेवर बसून म्हणाले, “इवाई, एक ठरवून आलोय. पोरगं असू दे, पोरगी असू दे, आमच्या घरचं पहिलं लेकरू चौदा एप्रिललाच आलं पाहिजे. शहरातल्या डॉक्टरशी बोललो. नववा लागलाय, काही होत न्हाई म्हणले. आजकाल समदेच तारखा घेऊन राहिले.”

विशाखा आतून दारात आली. “मामा, आमच्या लग्नात तुम्ही मुहूर्त पाहू दिला न्हाई. भटजी नको, पंचांग नको म्हणले. मला लई अभिमान वाटला होता. मग लेकराला कशाला मुहूर्त?”

हणमंतराव मऊ आवाजात म्हणाले, “ह्यो मुहूर्त न्हाई, पोरी. ह्यो मान हाय.”

विशाखानं सुगतकडे पाहिलं. सुगत खारकेची बी बोटात फिरवत होता. तिनं बापाकडे पाहिलं. ज्ञानोबा म्हणाला, “इवाई एवढं मनानं म्हणून राहिलेत…” शेवटी तिनं आईकडे पाहिलं. पंचफुलानं कपबश्या गोळा केल्या आणि आत गेली. तिथून म्हणाली, “सासरचं मोडू नये, बाई.”

मी चार पायांवर तिथंच उभी होते. मला तोंड असतं तर मी पारूबाईचं नाव घेतलं असतं. म्हटलं असतं, जिला ऑपरेशन हवं होतं तिला मिळालं नाही, आणि जिला नको तिच्यावर लादता आहात.

जीप तिला घेऊन गेली. मी ताणलेली, धुतलेली, वाट पाहत राहिले. जयंतीच्या सकाळी घरात फोन वाजला आणि पंचफुला ओरडली, “पोरगी झाली!” गल्लीत निळे झेंडे, ढोल-ताशे. ज्ञानोबानं दारोदार पेढे वाटले. देगलूरला चौकात बॅनर लागला म्हणे, बाळाच्या फोटोसकट. मिरवणूक अजून संपलीही नव्हती आणि दुसरा फोन आला. बाळाला श्वास जमत नव्हता. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. छाती पुरी तयार झाली नव्हती, असं तिथले लोक आता सांगत होते.

त्या पेटीतून ते बाळ बाहेर आलंच नाही.

विशाखा परत आली ती दोघींच्या आधारानं, पोट हातानं दाबून धरत. मला मांडून ठेवलं होतं. ती टेकली. आईला म्हणाली, “टेबलावर घेताना नाव विचारलं, गाव विचारलं, जेवलीस का विचारलं. एकच गोष्ट कुणी विचारली न्हाई.”

पायथ्याशी सुगत उभा होता. “मी हो म्हणलं होतं ना…”

“तुम्हाला कुठं कापलं?”

तो बाहेर निघून गेला. हणमंतराव जीपमधून उतरलेच नाहीत. उन्हात बसून राहिले, टोपी मांडीवर ठेवून.

शेजारच्या बाया आल्या, समजूत घालायला. एक म्हणाली, “पुढच्या टायमाला सोपं जाईल गं. एकदा कापलं की डॉक्टर मंग तारीखच देतेत. कळांची वाटच पाहावी लागत न्हाई.”

विशाखानं भिंतीकडे तोंड केलं. तिच्या पदरातून दूध झिरपत होतं, माझ्या सुतळीत उतरत होतं. मग ती टाके धरून उठली आणि खाली जमिनीवर जाऊन पडली.

“बाई, वर नीज,” पंचफुला म्हणाली. “खाली टाके दुखतील.”

“ही बाळंतिणीची बाज हाय, माय. मी कुठली बाळंतीण?”

तेव्हापासून मी उभी आहे. निखारे पेटले नाहीत, ओव्याची पुडी तशीच फडताळात. या घरात पुन्हा कुणी पोटुशी आली, तर बायांनो, नवऱ्याला, सासऱ्याला, डॉक्टरला विचारायच्या आधी तिला विचारा. पण मला माहीत आहे, लाकडाचं कुणी ऐकत नाही. बाईचंही ऐकलं नाही, तर माझं काय!

दूध सुकलं त्या जागी मुंग्या लागल्या आहेत. पंचफुला रोज ओलं फडकं घेऊन येते, माझ्यासमोर थांबते, आणि न पुसताच परत जाते.